दाखवायचे गिगाहर्ट्झ, खायचे ग्राफिक्स

घरगुती संगणकाच्या खरेदीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स हे दोन घटक एकाच बजेटचे वाटेकरी असतात. एकाला द्यायचे तर दुसऱ्याचे कापावे लागते. गेल्या पाव शतकात सर्वसामान्य घरांत या वाटणीचा निकाल बहुधा एकाच बाजूने लागला: प्रोसेसरला आकडा मिळाला, ग्राफिक्सला ‘इनबिल्ट’ एवढा शेरा. या निकालामागचे तांत्रिक कारण बेताचे आहे आणि सामाजिक कारण भक्कम. प्रोसेसरचा वेग एका आकड्यात सांगता येतो, आणि तो शेजाऱ्याच्या आकड्याहून मोठा की लहान हे समजायला संगणकाचे ज्ञान लागत नाही. ग्राफिक्सची थोरवी सांगायला मात्र किमान दोन वाक्ये लागतात, आणि जिन्यात भेटलेला शेजारी दुसऱ्या वाक्यापर्यंत थांबत नाही.

मुळात दोघांची कामे वेगळी. प्रोसेसर हा पंगतीचा आचारी. त्याच्याकडे जिन्नस मोजके, पण प्रत्येकाची कृती निराळी. क्रम चुकला तर सगळेच बिघडते आणि निर्णय घडोघडी घ्यावे लागतात. ग्राफिक्स म्हणजे वाढप्यांची फौज. प्रत्येक पानावर तेच काम, डोके फारसे लागत नाही, पण पाने अगणित आणि सगळी एकदम वाढायला हवीत. १०२४ बाय ७६८ अशा जुन्या पडद्यावर ७,८६,४३२ ठिपके असतात. ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे, तर सेकंदाला सुमारे ४ कोटी ७२ लाख पाने वाढावी लागतात. आजच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर हा हिशोब १२ कोटी ४४ लाखांवर जातो. आचारी कितीही चपळ असला तरी एवढी पंगत एकट्याने उठवू शकत नाही, आणि वाढपी शंभर आणले म्हणून भात लवकर शिजत नाही. संगणकखरेदीचे निम्मे शास्त्र यात आले. उरलेले निम्मे म्हणजे, हे सगळे ऐकून घेऊन शेवटी आचाऱ्याचाच पगार वाढवणे.

स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. इनबिल्ट ग्राफिक्सला ती नसते. २०१० पर्यंत ते बहुतेक संगणकांत मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपमध्ये, छोट्या हीटसिंकखाली मुक्काम करून असे आणि मुख्य रॅममधून आपला वाटा काढून घेई. ५१२ एमबी रॅमपैकी ६४ एमबी ग्राफिक्सने घेतले की विंडोज ४४८ एमबीची नोंद दाखवी. ‘माय काँप्युटर’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडण्याची कला घरात ज्याला प्रथम साधे, त्याच्या नजरेस हा अपहार येई. मग बिल हातात धरून दुकानदाराला फोन जाई. दुकानदार म्हणे, “ते शेअर्ड असतं, साहेब.” हे उत्तर शंभर टक्के खरे असूनही त्याने कोणत्याही ग्राहकाचे समाधान झालेले नाही.

वाटा नुसता जागेचा असता तर सोसले असते. खरा वाटा मेमरीच्या वेगाचा असतो. १०२४ बाय ७६८ चे एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर ३ एमबीचे होते. पडद्यावर काही हलत नसले, समोर कोणी बसलेले नसले, सगळे घर जेवायला गेले असले, तरी ते चित्र सेकंदाला ६० वेळा मेमरीतून वाचून मॉनिटरकडे पाठवावेच लागते. म्हणजे सेकंदाला १८० एमबी निव्वळ ‘जैसे थे’ दाखवण्यावर खर्च. २००३ च्या इंटेल ८६५जी या मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये रॅमच्या दोन स्टिक जोडीने लावल्या तर सेकंदाला ६.४ जीबीपर्यंत माहिती जाऊ शके, आणि तीही प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांची मिळून. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या रेडिऑन ९७०० प्रो या कार्डाला एकट्याला सुमारे १९.८ जीबी मिळत. इनबिल्ट ग्राफिक्सच्या मंदपणाचे मोठे कारण इथे आहे. ते आळशी नसते. त्याला रस्ताच मोकळा मिळत नाही.

आकड्याची चढाओढ शिगेला पोहोचली ती २००० साली. ६ मार्चला एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला. इंटेलचा तितक्याच वेगाचा पेंटियम ३ दोन दिवसांनी आला. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. एवढ्या बारीक वेळमापनाच्या धंद्यात दोन दिवस म्हणजे युगच. त्याच वर्षी इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारात आणला आणि तो स्थिर चालत नाही असे दिसल्यावर ऑगस्टमध्ये परत बोलावला. नोव्हेंबरमध्ये पेंटियम ४ आला. त्याची रचनाच ठोके वाढवण्यासाठी केलेली होती. प्रत्येक काम वीस लहान टप्प्यांत तोडलेले. टप्पा लहान म्हणून ठोका जलद, पण एका ठोक्यात होणारे काम कमी. पुढे काय लागेल याचा अंदाज मध्येच चुकला, तर अर्धवट झालेले सगळे टाकून देऊन पुन्हा श्रीगणेशा. त्यामुळे १.४ गिगाहर्ट्झचा नवा पेंटियम ४ काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या जुन्या पेंटियम ३ च्या मागे राही. पण जाहिरातीत ठोके छापतात, काम छापत नाहीत.

एएमडीची पंचाईत वेगळी होती. तिच्या प्रोसेसरमध्ये एका ठोक्यात काम जास्त होई, पण ठोके कमी असल्याने दुकानात तो गरीब दिसे. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने उपाय काढला: अ‍ॅथलॉन एक्सपी १८००+. यातला १८०० हा वेग नव्हता. प्रत्यक्ष वेग १.५३ गिगाहर्ट्झ होता. वेगाच्या आकड्यावर भुलू नका, हे ग्राहकांना पटवण्यासाठी त्याहून मोठा आकडा छापण्यात आला. तो लगेच पटला. इंटेलच्या घरात सेलेरॉन होता. त्याचे गिगाहर्ट्झ पेंटियम ४ च्या बरोबरीने छापलेले असत, मात्र जवळची कॅशे मेमरी ५१२ केबीऐवजी १२८ केबी असे. २.४ गिगाहर्ट्झ हा आकडा तोच आणि किंमत बरीच कमी, हे पाहून अनेक काटकसरी कुटुंबांनी कंपनीच्या हिशोबात चूक सापडल्याच्या आनंदात तो घरी आणला.

फेब्रुवारी २००४ मध्ये पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत टप्पे ३१ झाले आणि वर्षअखेरीस वेग ३.८ गिगाहर्ट्झला पोहोचला. या प्रोसेसरचे उष्णतेचे मानांकन ११५ वॉट होते. ज्या घरात एवढ्या वॉटचा बल्ब लावला तर वडील बंद करत, तिथे तेवढीच वीज बंद पेटीत उष्णता करण्यासाठी दिवसभर चाले. मे महिन्यात कॅबिनेटच्या एका बाजूचा पत्रा काढलेला असे आणि समोर स्टुलावर टेबल फॅन. माणसे हातपंखा घेत. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने जाहीर केला होता, तो ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द झाला. त्याच महिन्यात ऑर्लँडो इथल्या एका परिषदेत कंपनीचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर गुडघे टेकून, गमतीने का होईना, क्षमा मागितली. ग्राफिक्स कमी दिल्याबद्दल गुडघे टेकण्याचा प्रसंग मात्र कोणत्याही मुख्याधिकाऱ्यावर आलेला नाही.

या सगळ्या घडामोडी महाराष्ट्रातल्या घरांत कोटेशनच्या रूपाने येत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या गावी असेंबल्ड संगणकाचे कोटेशन म्हणजे अर्ध्या कागदाचा ऐवज. पहिल्या ओळीत ठळक अक्षरांत ‘पी-४ ३.० गिगाहर्ट्झ’. दुसऱ्या ओळीत ‘८६५ बोर्ड, साउंड-व्हीजीए-लॅन इनबिल्ट’. मग रॅम ५१२, हार्ड डिस्क ८० जीबी, कॉम्बो ड्राइव्ह, १७ इंची मॉनिटर, कीबोर्ड, ऑप्टिकल माऊस, मल्टिमीडिया स्पीकर. तळाशी ‘डस्टकव्हर व माऊसपॅड फ्री’. या कागदावर डस्टकव्हरला स्वतंत्र ओळ असे. ग्राफिक्सला साउंड आणि लॅन यांच्या मधल्या सीटवर बसावे लागे.

कोटेशनवर निर्णय घ्यायला घरी समिती बसे. तीत पैसे देणारे वडील, ज्याच्या अभ्यासासाठी खरेदी आहे तो मुलगा, आणि नात्यातला एक ‘कॉम्प्युटरमधला’ माणूस असे तीन सदस्य. तिसरा सदस्य बहुधा पतसंस्थेत टॅली चालवत असे किंवा त्याने एमएस-सीआयटी पहिल्या झटक्यात काढलेली असे. त्याचा सल्ला ठरलेला: “प्रोसेसर तगडा घेऊन ठेवा, ग्राफिक्स कार्ड काय, नंतर पण टाकता येतं.” हा सल्ला तर्काला धरून आहे. प्रोसेसर बदलणे अवघड, कार्ड खोचणे सोपे. फक्त त्यासाठी खोचायला जागा लागते.

जागेची कथा १९९८ पासून सुरू होते. त्या वर्षी इंटेलने आय-७४० ही स्वतंत्र ग्राफिक्स चिप आणली. ती बाजारात फारशी टिकली नाही, पण तिचे वंशज चिपसेटच्या पोटात घालून खपवता येतील हे कंपनीच्या लक्षात आले. १९९९ चा आय-८१० हा त्यातून निघाला. त्यात ग्राफिक्स आत होते आणि कार्डासाठी लागणारा एजीपी स्लॉट देण्याची सोयच नव्हती. पुढे ८४५जीएल आणि ८६५जीव्ही या स्वस्त चिपसेटांतही एजीपी गाळलेला होता. त्यामुळे दोन वर्षांनी मुलगा साठवलेल्या पैशांतून कार्ड घेऊन आला आणि कॅबिनेट उघडले, की जिथे तपकिरी एजीपी स्लॉट असायचा तिथे मोकळा बोर्ड दिसे. ८४५जी आणि ८४५जीएल यांत एका अक्षराचा फरक. ते अक्षर ‘नंतर पण टाकता येतं’ या वाक्याच्या मुळावर आलेले असे. मग उरे पीसीआय स्लॉट. त्याचा वेग सेकंदाला १३३ एमबी, एजीपी ८एक्सचा सुमारे २.१ जीबी. पीसीआयचे कार्ड बसवल्यावर गेम सुरू होई. पुढे सरकेलच असे नाही.

गेम हा या विषयातला अधिकृतरीत्या अस्तित्वात नसलेला भाग आहे. मराठी मध्यमवर्गीय घरात संगणक गेमसाठी घेतल्याची नोंद सापडत नाही. सगळे अभ्यासासाठी घेतलेले आहेत. तरीही २००३ मध्ये ‘व्हाइस सिटी’ आणि २००५ मध्ये ‘सॅन अँड्रियाज’ आल्यावर अभ्यासाच्या संगणकांना ग्राफिक्सची उणीव एकाएकी भासू लागली. २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ने तर परीक्षाच घेतली. त्याला पिक्सेल शेडर नावाची सोय हार्डवेअरमध्ये हवी होती. ही सोय जीफोर्स ३ या कार्डात होती आणि त्याच्या पुढच्या क्रमांकाने विकल्या गेलेल्या जीफोर्स ४ एमएक्समध्ये नव्हती, कारण एमएक्स हा गाभ्याने जीफोर्स २ च्या पिढीचा. म्हणजे इनबिल्टला नावे ठेवून, हट्ट करून, वाढदिवसाला कार्ड मिळवलेल्या मुलांनाही राजपुत्र दर्शन देत नसे.

इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्सची गोष्ट आणखी मजेची. त्रिमितीय दृश्यातले कोपरे कुठे येतील याचा हिशोब कार्डे स्वतः करत. २००४ चे जीएमए ९०० आणि २००५ चे जीएमए ९५० ते काम प्रोसेसरवर ढकलत. वाढपी कमी पडले म्हणून आचाऱ्याने हातात पळी घेऊन पंगतीत उतरावे, तसा हा प्रकार. अशा वेळी तगडा प्रोसेसर थोडा उपयोगी पडे, आणि ‘कॉम्प्युटरमधल्या’ माणसाचा सल्ला चुकून खरा ठरे. बाकीच्यांसाठी ‘थ्रीडी अ‍ॅनलाइझ’ नावाची फुकट युक्ती होती. ती गेमला सांगे की इथे भारी कार्ड बसवलेले आहे. गेम विश्वास ठेवी आणि सुरू होई. मग नायकाचे डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे दिसे, रस्ते अदृश्य होत, गाड्या हवेतून धावत. तरी तो खेळला जाई आणि वर्गात ‘माझ्याकडे चालतो’ असे सांगितले जाई.

निःपक्षपाती विवेचनासाठी हेही सांगायला हवे, की घरातल्या बहुतेक कामांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही बसून असत. त्या काळच्या हार्ड डिस्कला हवी ती जागा शोधायला सुमारे ९ मिलिसेकंद लागत. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे २ कोटी ७० लाख ठोके पडत, आणि पुढचे काम त्या माहितीवर अडले असेल तर ते सगळे वाया जात. विंडोज एक्सपीवर २५६ एमबी रॅम, तीत इनबिल्ट ग्राफिक्सचा वाटा आणि वर अँटीव्हायरसचे स्कॅन चालू, अशा संगणकात साधे वर्ड उघडायला लागणाऱ्या वेळात चहा होत असे. घराने याचे निदान नेहमी ‘प्रोसेसर जुना झाला’ असे केले. उपाय होता आणखी एक रॅमची स्टिक. दहावीच्या निकालाच्या दिवशी तर संकेतस्थळच उघडत नसे. तेव्हा साऱ्या राज्यातले गिगाहर्ट्झ, मग ते सेलेरॉनचे असोत की पेंटियमचे, एकाच पांढऱ्या पानाकडे समान वेगाने पाहत बसत.

इनबिल्ट ग्राफिक्सचे गुणही त्या घरांना लागू पडत. ते कमी तापे, वीज कमी खाई आणि वेगळे बिघडत नसे. लोडशेडिंगच्या वर्षांत याला अर्थ होता. दिवे गेल्यावर साध्या यूपीएसवर कार्डवाला संगणक फाइल सेव्ह करण्यापुरता तगे. इनबिल्टवाला फाइल सेव्ह करून, रीतसर शटडाऊन करून वर पुन्हा किंचाळणाऱ्या यूपीएसचे बटण शोधण्याइतका वेळ देई. नगांच्या हिशोबात त्या काळी जगात सर्वांत जास्त ग्राफिक्स विकणारी कंपनी इंटेलच होती. विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण ते घेतले आहे याची कल्पना नव्हती, एवढेच.

२००६ हे वर्ष विक्रेत्यांना जड गेले. जुलैत कोअर २ डुओ आला. त्यातला १.८६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झच्या वरच्या जुन्या पेंटियम डीला अनेक चाचण्यांत मागे टाकी. मोठा आकडा म्हणजे मोठा वेग, हे सहा वर्षे पढवलेले दुकानदार आता ‘साहेब, गिगाहर्ट्झवर जाऊ नका’ असे सांगू लागले. ग्राहकाला वाटे, जुना माल खपवतो आहे. त्याच वर्षी नव्या संगणकांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लागले. व्हिस्टाच्या पारदर्शक खिडक्यांसाठी नव्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर लागे, आणि इंटेलच्या ९१५ चिपसेटला तो मिळणार नव्हता. तरी स्टिकर त्यालाही मिळाले. २००७ मध्ये अमेरिकेत यावरून खटला झाला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टमधली अंतर्गत पत्रे उघड झाली, तेव्हा दिसले की कंपनीच्या एका उपाध्यक्षांनीच, २१०० डॉलर मोजून आपल्या हाती नुसते ई-मेलचे यंत्र आले, अशी तक्रार केलेली होती. इनबिल्ट ग्राफिक्सने फसगत व्हायला सल्लागार पतसंस्थेतलाच हवा असे नाही, हे यातून सिद्ध झाले. व्हिस्टाने प्रत्येक संगणकाला १ ते ५.९ या दरम्यान गुण देण्याची सोयही केली. त्यात सरासरी नसे. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स, हार्ड डिस्क यांपैकी ज्याला सर्वांत कमी गुण, तोच संगणकाचा अंतिम गुण. इनबिल्टवाल्या घरांत हा मान बहुधा ग्राफिक्सकडे जाई. सारी भिस्त प्रोसेसरवर ठेवलेल्या कुटुंबाला पडद्यावर २.० पाहून धक्का बसे आणि हा आकडा लोकांना सांगायचा नाही असे ठरे.

पुढे दोघांना एकत्र नांदवण्याचे प्रयत्न झाले. एएमडीने २००६ मध्ये सुमारे ५.४ अब्ज डॉलर देऊन एटीआय ही ग्राफिक्स कंपनीच विकत घेतली. जानेवारी २०१० मध्ये इंटेलने प्रोसेसर आणि ग्राफिक्स एका आवरणात आणले. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिजमध्ये दोन्ही सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आले. एकत्र कुटुंबात आल्यावर ग्राफिक्सची स्थिती खरोखर सुधारली. पण वाटणीचे भांडण मिटले असते तर या लेखाला इथेच थांबता आले असते. सँडी ब्रिजसाठी सुरुवातीला दोन प्रमुख चिपसेट होते. पी६७ बोर्डावर प्रोसेसरचा वेग वाढवता येई, पण आतले ग्राफिक्स वापरता येत नसे. एच६७ वर ग्राफिक्स वापरता येई, पण प्रोसेसरचा वेग वाढवता येत नसे. दोन्ही एका वेळी हवे असणाऱ्यांनी मे महिन्यात झेड६८ येईपर्यंत थांबावे, अशी व्यवस्था होती. त्यातही डेस्कटॉपमध्ये बारा एककांचे चांगले एचडी ३००० ग्राफिक्स मुख्यतः २५००के आणि २६००के या महागड्या प्रोसेसरांना मिळाले. ते घेणारा बहुधा पी६७ बोर्ड आणि वेगळे कार्ड घेई. म्हणजे आतले चांगले ग्राफिक्स झाकलेल्या मुठीसारखे. ज्याच्याजवळ कार्डाला पैसे नव्हते, त्याला सहा एककांचे एचडी २०००. गरजेनुसार वाटप हे तत्त्व इतक्या काटेकोरपणे उलटे करून दाखवल्याची उदाहरणे विरळा.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचे रायझन आले. वेगवान, स्वस्त, आठ-आठ कोअरचे, म्हणजे आत आठ-आठ आचारी. ग्राफिक्स अजिबात नाही. आजवर इनबिल्ट हे गृहीत धरलेल्या पिढीने ते जोडले, मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावली आणि काळ्या पडद्यापुढे आधी मॉनिटर, मग वायर, मग दुकानदार यांच्यावर संशय घेतला. २०१८ च्या फेब्रुवारीत २२००जी आणि २४००जी आले. त्यांतले व्हेगा ग्राफिक्स इतके बरे होते की साध्या गेमसाठी कार्डाची गरज उरली नाही, मात्र मेमरीच्या दोन स्टिक जोडीने लावायच्या, ही अट होती. एकच स्टिक लावली तर ग्राफिक्सचा रस्ता निम्मा होई. आपल्याकडच्या दुकानांनी ८ जीबीची एकच स्टिक घालून दिली, आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवण्याचे कारण तेच जुने: नंतर पण टाकता येते.

इंटेलने जानेवारी २०१९ मध्ये याच्या उलट प्रयोग केला. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर आणले. ‘एफ’ म्हणजे आतले ग्राफिक्स बंद. ९९००के आणि ९९००केएफ यांची यादीतली किंमत सुरुवातीला एकच होती. ग्राफिक्स काढून घेतल्याबद्दल एका डॉलरची सूट नव्हती. म्हणजे इतकी वर्षे जे फुकट मिळते म्हणून हिणवले जाई, ते फुकटच होते याचा कंपनीकडून लेखी दाखला मिळाला. ऑक्टोबरमध्ये ‘एफ’च्या किमती उतरवण्यात आल्या, तेव्हा कुठे आतल्या ग्राफिक्सची थोडी किंमत ठरली. त्याची खरी कदर झाली ती २०२१ मध्ये. महासाथ आणि क्रिप्टो-खाणकाम यांमुळे कार्डे मिळेनाशी झाली, मिळाली तर दामदुपटीने. मुलांची शाळा पडद्यावर भरत होती. तेव्हा ऑगस्टमध्ये सुटे विक्रीला आलेले रायझन ५६००जी, म्हणजे आत ग्राफिक्स असलेले, लोक शोधून शोधून घेऊ लागले. ‘इनबिल्ट आहे ना?’ हा प्रश्न प्रथमच आशेच्या सुरात विचारला गेला.

लॅपटॉपमध्ये वाटणी आता विजेची असते. पातळ लॅपटॉपच्या अनेक चिपना १५ वॉटचा शिधा मिळतो. ग्राफिक्सने जास्त घेतला की प्रोसेसर दमतो आणि उलटही. आणि गिगाहर्ट्झची गादी मधल्या काळात ‘आय-सेव्हन’ने घेतली. २०१७ मध्ये लॅपटॉपचा आय-७ ७५००यू दोन कोअरचा होता आणि डेस्कटॉपचा आय-५ ७५०० चार कोअरचा. तरी लग्नघरात सांगायला सात हा पाचापेक्षा मोठाच. गिगाहर्ट्झही अधूनमधून डोके वर काढतात. २००४ मध्ये ४ ला हुकलेल्या इंटेलने २०२३ मध्ये ६ गिगाहर्ट्झचा आय-९ १३९००केएस आणला. त्याच्या आत ग्राफिक्स कोणते, तर यूएचडी ७७०. तेच, जे त्याच्या कितीतरी खालच्या आय-५ १२५०० मध्ये बसते. प्रोसेसर श्रीमंत झाला, पोटातला भाडेकरू होता तिथेच आहे.

आजच्या घराला लागू पडणारे नियम थोडके आहेत. पत्रव्यवहार, बँक, शाळा आणि तिकिटे यांसाठी चालू पिढीचा कोणताही साधा प्रोसेसर व त्यातले ग्राफिक्स पुरते. जुन्या संगणकाला गती हवी असेल तर पहिला खर्च एसएसडीचा. व्हिडिओ पाहताना खरे काम आतल्या ग्राफिक्समधला डीकोडर करतो. यूट्यूब लावल्यावर पंखा घोंगावत असेल, तर त्या प्रकारचा व्हिडिओ डीकोडरला येत नाही आणि प्रोसेसर ते ओझे वाहतो आहे, असे समजावे. मोठी गणिते, प्रोग्रॅमिंग आणि हजारो ओळींचे एक्सेल यांना प्रोसेसर लागतो. इनबिल्टवर चालवायचे असेल तर रॅमच्या दोन स्टिक घ्याव्यात, नंतर नव्हे, आत्ता. जड गेमसाठी कार्ड लागते, आणि ते घेतल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावता कार्डाला लावावी लागते. तीस-चाळीस हजारांचे कार्ड आत बसवून महिनोन्‌महिने इनबिल्टवरच खेळणारे आणि कार्डात काही दम नाही असे इतरांना पटवणारे लोक आहेत. वायर बदलून दिल्यावर त्यांतले बहुतेक जण श्रेय प्रोसेसरला देतात.